फांदी हलकीच होती

पीटरमॅरित्झबर्ग,
२१ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप आत्यास,
फिलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणजे तू ठेवणीतल्या शिव्या काढून ठेवल्या असशील. त्या दे, पण आधी हे वाच. गुडघ्याचं मलम आणि चष्म्याची दोरी न्कांडलाच्या टॅक्सीवाल्याकडे पाठवली आहे. दोरी गळ्यात घालायची असते, मागच्यासारखी करडाला बांधू नकोस.

बातमी वाईट आहे. माझ्या शिवणदुकानात म्चुनूंच्या दोघी बहिणी आहेत ना, थोरली थुलिसिले काज-बटणांवर आणि धाकटी झिबुयिले कॉलरींवर, त्यातली धाकटी गेली. चोवीस वर्षांची पोर. ईस्टरला तू आलीस तेव्हा तुझ्या झग्याची बाही तिनंच उसवून नीट केली होती, आणि तेवढ्या वेळात न्कांडलाच्या सगळ्या भानगडी तुझ्याकडून काढून घेतल्या होत्या. तीच.

सात तारखेला, शनिवारी, ती एकटीच आली होती. जानेवारीत शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत, कॉलरींचा ढीग पडला होता. दुकानात फक्त ती आणि मी. दमा तिला होताच. दहाच्या चहाला छाती भरून आली. मी तिला पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत ती काही बोलली नाही. तिथं खाटेवर, नर्सनं हात धरलेला असताना, शांतपणे गेली. परत येऊन मी बेतायचं टेबल पुसलं, तिचा अर्धा राहिलेला चहा ओतून दिला, कप धुतला आणि मग थुलिसिलेच्या खोलीवर सांगायला गेले.

पुढचं सगळं रीतीनं झालं. त्यांचे काका रानबोरीची फांदी घेऊन आले. जीव जिथं सुटला तिथूनच घरी न्यायचा, म्हणून थुलिसिलेनं ती दवाखान्यातल्या त्या खाटेला टेकवली, बहिणीला नावानं हाक मारून घरी चल म्हणाली, आणि टॅक्सीत दोन सीटा घेऊन, एक स्वतःची आणि एक झिबुयिलेच्या जिवाची, म्सिंगाला गावी गेली. तीन तास जिवंत माणसाशी चकार शब्द बोलली नाही. मातीला आम्ही सगळ्या गेलो. घोंगडी आणि मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. थुलिसिलेला मी दहा दिवसांची भरपगारी रजा दिली.

आता ती कामावर आली आहे आणि तिच्याशी कसं वागावं हे मला समजत नाही. मी विनोद करते, ती हसते. आधी माझ्या विनोदांना ती कधीच हसत नसे, म्हणून मला जास्त काळजी वाटते. काल मुलांच्या चाळीस शर्टांना तिनं मुलींच्या बाजूनं काजं पाडली. टीप उसवता येते, भोक काय उसवणार? मी ते शर्ट बाजूला ठेवले. ती बाहीवर शोकाचा काळा तुकडा लावते, तो मात्र रोज नव्यानं, टाका दिसणार नाही असा.

आणखी एक, हसू नकोस. दहाला मी घंटा वाजवते आणि चारी मशिनी थांबतात. त्यानंतर पाचवं, झिबुयिलेचं रिकामं मशीन तीन-चार टाके चालतं. मग तेही थांबतं. बायका आपापल्या कपात बघत बसतात.

दया-माया तुझ्याकडून नेहमीच येते, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझी भाची,
फिली

*

न्कांडला,
३० नोव्हेंबर १९९८

चि. फिलीस अ. उ. आ.

दोरी मिळाली. करडाला बांधली नाही, करडू विकलं.

पोरीचं ऐकून दोन दिवस घास गेला नाही. तुझ्या रजेचं आणि पोत्याचं कौतुक आहे, पण रजा संपते तिथून खरं दुःख सुरू होतं, हे दुकानदारांना कळत नाही. मिशनच्या दवाखान्यात मी तीस वर्षं चादरी धुतल्या. माझा बेकिथेम्बा खाणीत वारला तेव्हा मोठ्या बाईंनी मला साखर घातलेला चहा दिला आणि घरी जा म्हणाल्या. घरी जाऊन काय करू, भिंती मोजू? परत गेले तर सगळ्या गप्प. मी आले की बोलणं बंद, जशी काही मीच मेले होते. एक म्हातारी होती, मासेले. तिनं ओल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दोन स्वतः धरली. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. चार महिने आम्ही घड्या घातल्या. मग एकदा तिनं विचारलं, तुझ्या पोराला खायला काय आवडायचं. त्या दिवशी मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी जेवले.

तेव्हा विनोद पुरे कर, तुला ते जमतही नाहीत. दोघींनी मिळून करायचं काम काढ आणि समोर तू बस. दुसरीला बसवू नकोस. झिबुयिलेच्या मशिनीवर कोणाला बसवायचं नाही, तिच्यावर फडकंही टाकायचं नाही, आणि तिचं नाव टाळायचं नाही.

मशीन आपोआप चालतं म्हणतेस, तर तेल घाल. तेल घालूनही चाललं तर कळव.

एक विचारते. दवाखाना तुझ्या दुकानापासून वीस मिनिटं. वीस मिनिटं झिबुयिले गप्प बसली? घास गिळतानाही ती पोर बोलत होती.

माया कमी होणार नाही, तू खरं लिहीत जा.

तुझी आत्या,
बाजाबुलिले

*

पीटरमॅरित्झबर्ग,
१२ डिसेंबर १९९८

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तेल घातलं. चालतं.

तू सांगितलंस तसं केलं. मुलींच्या झग्यांच्या चुण्या एकीनं धरायच्या आणि दुसरीनं इस्त्री फिरवायची, ते काम मी आणि थुलिसिले करतो. आठ दिवस आम्ही दोघी मुक्याच्या मुक्या. नवव्या दिवशी मी विचारलं, झिबुयिलेला खायला काय आवडायचं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या ताटातलं. आणि मग आत्या, बांध फुटला.

ती म्हणते, फांदी हलकीच होती. त्यांच्या आजीचा जीव आणताना बापाचा खांदा उतरला होता, दोनदा हात बदलावा लागला होता. हिच्या हातात मात्र नुसती काडी. थुकेलाच्या पुलावर तिनं रीतीप्रमाणे सांगितलं की झिबुयिले, नदी आली, घट्ट बस, तेव्हा तिला वाटलं की आपण सीटच्या प्लास्टिकशी बोलतोय. घरी फांदी ठेवली, बकरा कापला, सगळे म्हणाले पोर आली. हिला माहीत होतं की कोणी आलेलं नाही.

आणि का आली नाही हेही ती सांगते. जायच्या तीन दिवस आधी झिबुयिलेनं हिचा हिरवा स्वेटर न विचारता घातला आणि बाहीवर इस्त्रीचा चटका पाडला. ही संतापून म्हणाली होती, पुन्हा माझ्या शेजारी बसू नकोस. ती बसली नाही, मादुबे, असं म्हणाली मला. माझं ऐकलं तिनं.

मला इस्त्री खाली ठेवावी लागली.

मान्गुबाने, आमची कापड बेतणारी, त्याच टॅक्सीनं येते. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की थुलिसिले रोज कामावर येताना-जाताना दोन सीटा घेते. शेजारची रिकामी ठेवते आणि खिडकीकडे तोंड करून पुटपुटत येते, ये ना, बस ना. आता टॅक्सीवालेही तिथं कोणाला बसवत नाहीत. पगार निम्मा त्यातच जातो, जेवण बंद झालं आहे. मनगटं बघवत नाहीत. मान्गुबाने म्हणते, ही फेब्रुवारी बघणार नाही, दुसरी सीट हिलाच लागेल. ही बाई फाटक्या तोंडाची, पण बोलते ते खोटं नसतं.

अजून एक आहे. बेतायचं टेबल आणि इस्त्रीचा पाट यांच्यामध्ये तीन पावलांची मोकळी जागा आहे. हल्ली बायका तिथून जात नाहीत. हातात तागा असला तरी टेबलाला वळसा घालून जातात. मी मान्गुबानेला विचारलं, तर ती म्हणाली, कुठला वळसा? तिला माहीतही नाही की ती वळते.

थुलिसिलेला परत रजा देऊ का? सांग.

तुझीच,
फिली

*

न्कांडला,
२० डिसेंबर १९९८

चि. फिलीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बायका ज्या जागेला वळसा घालतात तिथं काय झालं होतं, ते तू लिहिलं नाहीस. वाटेत पोर बोलली नाही, ते लिहिलंस. परत आल्याआल्या टेबल पुसलंस, तेही लिहिलंस. दवाखान्यातून आलेली बाई आधी बसते, फिली, टेबल पुसत नाही.

झिबुयिले कुठं गेली?

मला खोटं सांगितलंस ते सोड, म्हातारीला खोटं पचतं. पण त्या पोरीनं परक्या खाटेशी बोलून रिकामी सीट घरी नेली असेल, आणि तिची बहीण अजून तुझ्या दुकानात उभी राहून वाट बघत असेल, तर तुझी रजा आणि पोतं घेऊन काय चाटायचंय?

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

आत्या

*

पीटरमॅरित्झबर्ग,
२ जानेवारी १९९९

तीर्थरूप आत्यास,
न. वि. वि. लिहायलाही लाज वाटते.

दुकानात गेली. त्या तीन पावलांत.

चहाचा कप तिनं टेबलावर ठेवला, मला म्हणाली की कॉलरी दुपारपर्यंत होतील, आणि खाली बसली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. छाती नुसती शिट्टी मारत होती. पिकअपची किल्ली हातात होती आणि मला उठता येईना. मी पिकअप काढली तेव्हा मागच्या बाजूला घातली ती झिबुयिले नव्हती, नुसतं अंग होतं. दवाखान्यात डॉक्टरनं फक्त कागदावर लिहिलं.

थुलिसिलेच्या दारात उभी राहिले तेव्हा वाटलं, फरशीवर, चिंध्यांमध्ये गेली हे कसं सांगू? खाट, नर्स, धरलेला हात, हे सगळं तोंडातून आपोआप आलं. ते ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला. मी म्हटलं, चला, एवढं तरी दिलं. हे खरं आहे, पण अर्धंच. दुकानात मरण झालं म्हटलं की शुद्धी होईपर्यंत बाई आत पाऊल टाकणार नाही, आणि पुढं दोन महिने गणवेशांचे. हेही मला त्याच दारात सुचलं. कुठलं आधी सुचलं ते मी रोज आठवते.

आणि एक. ते लिहून टाकते, कोणाला सांगितलेलं नाही. ती मांडीवर असताना मी तिला म्हणत होते, इथं नको गं, झिबुयिले, इथं नको. तीनचारदा म्हणाले. तिनं डोळे उघडे ठेवले होते, माझ्याकडे बघत होती. मरणाऱ्या पोरीला मी हे म्हणाले, आत्या. पाणी दिलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही.

दुकान सुट्टीसाठी बंद आहे. आज मी एकटी जाऊन बसले होते. दहा वाजले. घंटा मी वाजवली नाही, आणि मशिनी चालूच नव्हत्या. तिचं मशीन चाललं. थांबलं नाही. मी बाहेर आले तोपर्यंत चालूच होतं.

फिली

*

न्कांडला,
७ जानेवारी १९९९

चि. फिलीस अ. उ. आ.

मला कबूल करून काय उपयोग? मला दोन सीटा घ्याव्या लागत नाहीत.

सोमवारी दुकान उघडशील तेव्हा थुलिसिलेला सांग. ऑफिसात बोलावून नाही, खुर्ची देऊन नाही. सगळ्यांसमोर, त्या जागेजवळ उभी राहून सांग. गणवेश राहिले तर राहिले. पोरं पहिला आठवडा जुन्या शर्टात शाळेत जातील, त्यानं कोणी मेलेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही.

ती तुला मारील, तर मार खा.

सगळे आशीर्वाद सोडले आहेत, पोचतील.

आत्या

*

पीटरमॅरित्झबर्ग,
१८ जानेवारी १९९९

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

कुठं, हे दाखवायला मी हात केला, तर थुलिसिले आधीच तिथं कडेला उभी होती. तिनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं एकच विचारलं, म्हणजे ती माझ्यावर रुसली नव्हती? मी नाही म्हणाले. ती खाली बसली आणि फरशीवर हात फिरवत राहिली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मान्गुबाने मला म्हणाली की शाब्बास मादुबे, दोन महिने आम्ही तिच्या डोक्यावर चहा पीत होतो, आणि तुम्ही आम्हाला बिस्किटं देत होता. पण तिनंच दार लावून घेतलं आणि मशिनी पुसायला घेतल्या. थुलिसिले सोडून बाकीच्या चारपैकी एकही बाई काम सोडून गेली नाही. शाळांना मी निरोप पाठवला. दोन शाळांनी काम काढून घेतलं. घेऊ देत.

शनिवारी, सोळा तारखेला, काका नवी फांदी घेऊन आले. थुलिसिलेनं ती फरशीला टेकवली आणि म्हणाली, झिबुयिले, मी थुलिसिले, चुकीच्या ठिकाणी गेले होते, चल घरी. स्वेटर तुलाच दिला. मग तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझी पाळी. काय बोलावं हे मी ठरवून आले होते, ते सगळं विसरले. तोंडातून निघालं ते एवढंच, कॉलरी राहू देत, जा पोरी. त्याच वेळी तिच्या मशीनचं चाक अर्धा वेढा फिरलं आणि थांबलं. सगळ्यांनी पाहिलं.

स्टँडपर्यंत आम्ही मागून चाललो. थुलिसिलेनं बोटांनी दोन सीटा दाखवल्या. टॅक्सीवाला ओळखीचाच. त्यानं दार उघडलं, ती चढली, आणि दार लावण्याआधी तो थोडा थांबला, दुसऱ्या बाईमाणसासाठी थांबतात तसा.

'इथं नको'चं मात्र मी तिला सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही. ते तुझ्या-माझ्यात राहू दे, पत्र चुलीत घाल.

आज दहाला घंटा वाजवली. मशिनी थांबल्या आणि सगळं थांबलं. आम्ही पाचही जणी कान देऊन बसलो होतो.

माया असू दे, रागासकट चालेल.

फिली

*

म्सिंगा,
२५ जानेवारी १९९९

आदरणीय मादुबे यांना,
थुलिसिले म्चुनूचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. या वेळी फांदी जड होती. ग्रेटाउनपर्यंत मी दोनदा हात बदलला, काका म्हणाले होते तसा खांदा आठ दिवस दुखला. खिडकीची सीट मी तिला दिली, नाहीतर ती भांडली असती. पुलावर मी नदी आली म्हणून सांगितलं तेव्हा ती बोलायला लागली, आणि ती एकदा बोलायला लागली की कशी ते तुम्हाला माहीत आहे. घर येईपर्यंत गप्प बसली नाही. वाट सांगण्यापलीकडे मला बोलायची बंदी. मी नुसती ऐकत होते.

स्वेटरबद्दल ती म्हणाली की चटका तिनं नाही पाडला, मान्गुबानेनं पाडला. विचारा त्यांना.

तुमच्याबद्दलही बोलली. ती सांगते, तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं तेव्हा तुम्ही म्हणत होता, इथं नको गं, इथं नको. तीनचारदा म्हणालात. ते ती मनाला लावून घेत नाही. घाबरलेलं माणूस बोलतं तसं तुम्ही बोललात, असं ती म्हणते. पण तुम्ही मालकीण, तुम्ही नको म्हणालात, म्हणून ती धरून बसली होती. जा म्हणायचं तुमच्याकडून राहून गेलं होतं. कॉलरीही अर्ध्याच झाल्या होत्या. सांगितल्याशिवाय काम टाकून जायची तिला सवय नव्हती, हे तुम्ही जाणताच. शनिवारी तुम्ही जा म्हणालात, मग ती निघाली.

हे तुम्हाला कळवायला तिनंच सांगितलं. तुम्ही ते कोणाला सांगितलं नसेल तर माझ्याकडूनही कोणाला कळणार नाही.

मी आता जेवते. आई माझ्या ताटात वाढते आणि मी ताटावर हात धरायला जाते, मग आठवतं. परवा त्यावरून आम्ही दोघी रडलो आणि हसलोही.

सोमवारी, एक तारखेला, कामावर येते. माझं स्टूल तिच्या मशीनला लावून ठेवा, राहिलेल्या कॉलरी मी करीन. तिचा कप फेकला नसेल तर मला द्या. तुमची माया होती, म्हणूनच तुम्ही खोटं बोललात हे मला समजतं. तरी पुढच्या वेळी खरं सांगा, आणि माया तशीच ठेवा. येताना एकच सीट घेईन.

आपली,
थुलिसिले